पाइन रोपवन विरळणी: प्रकल्प नोंदी (डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२४)

६ डिसेंबर २०२१

क्षेत्र २२ हेक्टर, लोबलोली पाइन, वय १४ वर्षं. लागवड ३ × २ मीटर, म्हणजे हेक्टरी १,६६७ रोपं. त्यानंतर आजपर्यंत एकदाही विरळणी नाही.

आजपासून मोजणी. ११ गोल प्लॉट घेतले, दर दोन हेक्टरला एक. त्रिज्या ११.२८ मी. आकडा विचित्र वाटतो, पण त्याने क्षेत्र बरोबर ४०० चौ.मी. येतं आणि प्लॉटमधलं एक झाड म्हणजे हेक्टरी २५ झाडं असा सरळ हिशेब होतो. मध्यावर लोखंडी गज ठोकला आणि वर रंग दिला.

आत शिरल्यावर आधी जाणवतो तो अंधार. डोकं वर केलं तर हिरवं आहे, पण ते पार टोकाला. खाली दोन माणसांच्या उंचीपर्यंत वाळलेल्या फांद्यांचं कुंपण, कपडे फाटतात. जमिनीवर सुयांचा थर सोडला तर गवताची काडी नाही.

९ डिसेंबर

दोन दिवसांचं काम परत करावं लागलं. व्यास छातीच्या उंचीवर घ्यायचा हे सगळ्यांना पाठ, पण छाती कोणाची? काही देशांत ती १.३ मी., काही ठिकाणी १.३७ मी. आमच्या एका जोडीने एक धरली, दुसरीने दुसरी. सात सेंटीमीटरने व्यासात फार फरक पडत नाही, पण दोन वर्षांनी आपण शोधणार ती वाढही मिलिमीटरमध्येच असणार.

ठरलं ते असं: सगळीकडे १.३७. उतारावर उभं असलेलं झाड वरच्या अंगाने मोजायचं. टेप जिथे बसली तिथे पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा. नंबरचा बिल्ला पायाशी ठोकायचा, पट्ट्याजवळ नाही, कारण खिळ्याभोवती खोड फुगतं आणि पुढे आपण खिळ्याची सूज मोजून तिला वाढ म्हणत बसतो.

२० डिसेंबर

मोजणी संपली. ११ प्लॉटमध्ये ६३८ जिवंत झाडं, म्हणजे हेक्टरी १,४५०. सरासरी व्यास १६.५ सेंमी. बेसल एरिया, म्हणजे सगळ्या खोडांच्या आडव्या छेदांचं मिळून क्षेत्रफळ, हेक्टरी ३१ चौ.मी. सरासरी उंची १४ मी. हिरवं छत्र ९.६ मी.वर सुरू होतं, म्हणजे झाडाच्या उंचीतला जेमतेम ३१ टक्के भाग काम करतोय. बाकी नुसता खांब.

अमेरिकन वनशास्त्रज्ञ राइनेकेच्या १९३३ च्या सूत्राने घनता काढली: झाडांची संख्या गुणिले (व्यास भागिले २५.४) चा १.६०५ वा घात. आलं ७२५. लोबलोलीची कमाल मर्यादा साधारण १,११० धरतात, म्हणजे आपण ६५ टक्क्यांवर. ५५ टक्क्यांच्या आसपास झाडं एकमेकांना मारायला लागतात. याचा अर्थ विरळणी निसर्गाने आधीच सुरू केली आहे, फक्त निवड त्याची.

उशीर झालाय. माझ्या मते तीन वर्षं. हे काम आधी माझ्याकडे नव्हतं, हे खरं असलं तरी झाडांना त्याचं काय.

११ जानेवारी २०२२

वाढीचा गिमलेट, म्हणजे खोडात पिळायचं पोकळ गिरमिट, घेऊन १२ झाडांचे गाभे काढले. पेन्सिलीपेक्षा बारीक लाकडी काडी बाहेर येते, राळेने चिकट. ओल्या बोटाने पुसलं की वलयं उठून दिसतात.

प्लॉट ५ मधलं एक झाड सगळ्यांची गोष्ट सांगतं. गाभ्याकडून मोजत गेलो तर वलयांची रुंदी मिमी.मध्ये ९, १०, ९, ८, ७, ६, ५, ४, ४, ३, ३ आणि शेवटचं २.५. छातीच्या उंचीवर बारा वलयं, कारण रोपाला तिथवर पोचायलाच दोन वर्षं लागली. चौथ्या वलयापासून उतरण लागली आणि ती कुठेच थांबली नाही. दुष्काळ असता तर एखादं वलय बारीक होऊन पुन्हा रुंद झालं असतं. ही सरळ उतरण म्हणजे शेजारी.

उंचीत मात्र काही कमी नाही. दाटीचा पाइनच्या वरच्या थरातल्या झाडांच्या उंचीवर फारसा परिणाम होत नाही, म्हणूनच जमिनीचा कस उंचीवरून ठरवतात. उंची नेहमीसारखी, जाडी थांबलेली, त्यामुळे झाडं बांबूसारखी झाली आहेत. उंची भागिले व्यास ८५ येतं. ८० च्या वर वाऱ्याचं भय धरायचं.

२४ जानेवारी

सुयांचे नमुने पाठवले. झाडांची वाढ थांबलेली असते तेव्हाच घ्यायचे, छत्राच्या वरच्या एक तृतीयांश भागातून, गेल्या हंगामातल्या पहिल्या फुटीच्या. खालच्या सुया तोडणं सोपं, पण त्या सावलीत म्हाताऱ्या झालेल्या. त्यांच्यावरून झाडाची तब्येत ठरवायची म्हणजे आजोबांचं रक्त तपासून नातवाला औषध द्यायचं.

७ फेब्रुवारी

अहवाल आला. नायट्रोजन १.०५ टक्के, फॉस्फरस ०.१० टक्के. लोबलोलीत नायट्रोजन १.२ च्या खाली गेला की खताला प्रतिसाद मिळतो, फॉस्फरस काठावर. पण आत्ता खत नाही. नायट्रोजन मिळाला की झाड सुया वाढवतं, आणि त्या पसरायला वर जागा नाही. आधी जागा, मग खत.

१० फेब्रुवारी

मार्किंग सुरू. पद्धत: दर पाचवी रांग पूर्ण काढायची, त्यातून ओंडके ओढायला वाट मिळते. उरलेल्या चार रांगांमध्ये निवडून विरळणी. लक्ष्य हेक्टरी ७०० झाडं, बेसल एरिया १७ ते १८ चौ.मी.

रंग पाडायच्या झाडाला द्यायचा की ठेवायच्या, यावर सकाळी तासभर गेला. मी ठेवायच्या झाडाला द्यायचं ठरवलं. पाडायचं झाड शोधताना नजर वाईट झाडांवर जाते आणि जिथे वाईट नाही तिथे माणूस काहीच पाडत नाही. ठेवायचं शोधताना आपण दर चार-पाच पावलांवर विचारतो, इथला राजा कोण?

चेनसॉवाले काका सोबत होते. प्लॉट ८ जवळ जाडजूड झाड, व्यास २६ सेंमी., पण साडेतीन मीटरवर दुभंगलेलं आणि फांद्या मनगटाएवढ्या. मी रंग न देता पुढे गेलो.

"अहो, हा राहिला की तुमचा. सगळ्यात दणकट हाच."

"तो राहिला नाही काका, तो पाडायचाय."

"एवढा जाडा पाडायचा आणि ते बाजूचं काटकुळं ठेवायचं?"

बाजूचं १८ सेंमी., सरळ, छत्र भरलेलं. जाड्याने त्याचा उजेड अडवलाय. तो पुढेही जाड होईल, पण कापायला घेतला तर त्यातून एक धड फळी निघणार नाही. काका मान हलवत म्हणाले, "तुमचा रंग, तुमची जबाबदारी." बरोबर बोलले.

खोडावर गंजरोगाची गाठ असलेली झाडंही सोडली. गाठीने अर्ध्याहून जास्त घेर खाल्ला असेल तर ते झाड वाऱ्यात तिथेच मोडतं.

प्लॉट ७ आणि त्याभोवतीचा अर्धा हेक्टर तसाच ठेवणार. तुलनेला काहीतरी हवं. नाहीतर दोन वर्षांनी जे होईल त्याचं श्रेय आपण स्वतःलाच देऊ.

२६ फेब्रुवारी

तोडणीचा सहावा दिवस. आजची चूक लिहून ठेवतो. परवा संध्याकाळी तोडलेल्या ४० खुंटांवर बोरॅक्स (बुरशी रोखणारी पूड) टाकायचं राहिलं. पोतं वाटेच्या दुसऱ्या टोकाला होतं, अंधार पडला, "उद्या टाकू" झालं.

जमीन इथे वाळूसर, पाणी झटकन निचरणारी, आणि अशाच जमिनीत मूळकुज जोर धरते. हेटेरोबेसिडियन या बुरशीचे बीजाणू हवेतून येऊन ताज्या खुंटावर बसतात, मुळांत उतरतात आणि जिथे शेजारच्या झाडाची मुळं चिकटलेली असतात तिथून त्याच्यात जातात. म्हणजे आपण ज्याच्यासाठी जागा केली तेच मरतं. खुंट उघडा पडला की लगेच बोरॅक्स, हा नियम. दोन दिवसांनी टाकण्याला अर्थ नाही. ते ४० खुंट निळ्या रंगाने खुणावले, पुढची काही वर्षं त्यांच्या शेजाऱ्यांवर नजर.

कडक उन्हाळ्यात तोडलं असतं तर तापलेल्या खुंटावर बीजाणू टिकले नसते. पण तेव्हा साल पोखरणारे भुंगे जोरात असतात. थंडीत बुरशी, उन्हाळ्यात भुंगा. मी थंडी निवडली.

३ मार्च

पाडलेल्या एका खोडातून सालीजवळची उभी फळी चिरून घेतली, साधारण चार मीटर उंचीवरची. कडेला एक काळपट गोल गाठ, रुपयाच्या नाण्याएवढी, भोवती सालीची काळी कड. अंगठ्याने दाबली. सुटली आणि पलीकडे पडली. फळीत आरपार भोक.

त्याच खोडाची गाभ्याजवळची फळी पाहिली तर तिथल्या गाठी लाकडात विरघळलेल्या, नखानेही हलत नाहीत. फांदी जिवंत असताना खोडाचं आणि तिचं लाकूड एकत्र विणलं जातं. सावलीने फांदी मेली की खोड तिच्या भोवतीने वाढतं, भिंतीत खुंटी पुरावी तसं. फळी वाळली की खुंटी गळते. दाटीमुळे फांद्या आपोआप मरतात, मग छाटणीचा खर्च वाचतो, असं म्हणणाऱ्याला ही भोकाची फळी दाखवायला ठेवली आहे. मरतात खऱ्या, पण गळून पडत नाहीत.

१४ मार्च

तोडणी पूर्ण. प्रिझम, म्हणजे खोडाची प्रतिमा ठरलेल्या कोनाने सरकवणारी काच, घेऊन फिरलो. ही युक्ती ऑस्ट्रियाच्या बिटरलिखची, १९४८ ची, आणि आजही मला तिच्यात जादू वाटते. एका जागी उभं राहून गोल फिरायचं आणि ठरलेल्या कोनापेक्षा जाड दिसणारी झाडं मोजायची. टेप नाही, अंतर नाही. आमच्या प्रिझमचा गुणक २, म्हणून प्रत्येक मोजलेलं झाड म्हणजे हेक्टरी २ चौ.मी. डिसेंबरात १५-१६ झाडं यायची, आज ८-९.

प्लॉटमधून पक्का आकडा: हेक्टरी ७०० झाडं, सरासरी व्यास १७.८, बेसल एरिया १७.४.

एक गोष्ट ठळक लिहितो, कारण पुढे कोणीतरी तक्ता करणार. सरासरी व्यास डिसेंबरात १६.५ होता, आज १७.८. या १.३ सेंमी.त वाढ शून्य आहे. आपण बारीक झाडं काढली, म्हणून सरासरी वर गेली. वर्गातली नापास मुलं काढून टाकली की निकाल सुधारतो, तसं. यापुढे तुलना फक्त बिल्ला नंबराने, त्याच झाडाची त्याच झाडाशी.

१८ एप्रिल

ओंडके अजून वाटेच्या कडेला. वाहतूकदाराने दिलेल्या तारखा दोनदा गेल्या. आज रचलेल्या ढिगावर लालसर भुसा दिसला, सालीच्या फटीत साठलेला. साल उचकटली, खाली इंग्रजी वाय अक्षरासारखे कोरलेले बोगदे आणि त्यात इप्स भुंगेरे, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. ताज्या लाकडाच्या राळेचा वास त्यांना बोलावतो. ढिगात त्यांची एक पिढी तयार झाली की ती उडून जवळच्या उभ्या झाडांवर जाते, आणि नुकतीच विरळणी झालेली झाडं काही आठवडे अशक्त असतात.

ढिगाच्या बाजूच्या चार झाडांवर राळेचे पिवळट थेंब, म्हणजे झाड झुंजतंय.

२९ एप्रिल

सगळे ओंडके बाहेर. चारपैकी दोन झाडांनी राळेने भुंग्यांना बाहेर ढकललं, दोघांचे शेंडे विटकरी झाले. ती तोडून लगेच हलवली. पुढच्या वेळी करारात ओंडका जंगलात किती दिवस राहील हे लिहिणार. फांद्या मात्र ढीग न करता पसरून टाकल्या होत्या, त्या उन्हात पटकन वाळल्या आणि त्यांच्यात काही झालं नाही.

१९ सप्टेंबर

काल रात्री वादळ. पश्चिमेच्या कडेची नऊ झाडं कलली, दोन मोडली. मोडलेल्यांपैकी एक प्लॉट ११ मधलं. वर्षानुवर्षं एकमेकांना टेकून उभी होती, टेकू काढला आणि हे झालं. विरळणीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं धोक्याची असतात. कडेला दोन रांगा दाट ठेवायला हव्या होत्या.

१२ डिसेंबर २०२२

पहिल्या हंगामाची मोजणी. सरासरी वाढ ०.६ सेंमी., १७.८ वरून १८.४.

बैठकीत चेहरे पडले. "एवढी झाडं पाडून अर्धा सेंटीमीटर?" मला आश्चर्य वाटलं नाही. छत्र ३१ टक्के उरलेलं झाड उजेड मिळाल्याबरोबर जाड होत नाही. आधी ते सुया आणि मुळं वाढवतं, खोडाचा नंबर शेवटचा. ज्या झाडांचं छत्र ४० टक्क्यांच्या आसपास होतं त्यांनी ०.९ दिलं, ज्यांचं २५ होतं त्यांनी जवळपास काही नाही. व्यासावरून नाही तर छत्रावरून निवड करायला हवी होती असं काही ठिकाणी आता वाटतं. माझा रंग, माझी जबाबदारी.

१६ जानेवारी २०२३

छाटणी. सगळ्या झाडांची नाही. हेक्टरी २५० निवडक, सरळ, शेवटपर्यंत राहणारी. ५.५ मी. उंचीपर्यंत. हिरवी फांदी एकही नाही, छत्राला हात लावण्याची आपली ऐपत नाही. लांब दांड्याची करवत, काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून. फुगवटा कापला तर जखम मोठी होते, फार बाहेर कापलं तर खुंटी राहते आणि तेच गाठीचं भोक पुन्हा. आतापर्यंतचं १८ सेंमी. गाठींचंच राहणार, पुढचं स्वच्छ.

२० फेब्रुवारी

खत टाकलं. हेक्टरी २२५ किलो नायट्रोजन, २८ किलो फॉस्फरस. डीएपी १४० किलो आणि युरिया ४३५ किलो असा हिशेब बसवला. थंड दिवस आणि पुढे पाऊस पाहून, कारण उन्हात सुयांच्या थरावर पडलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो. प्लॉट ७ आणि प्लॉट ३ वगळले. प्लॉट ३ मध्ये विरळणी आहे, खत नाही. एका प्लॉटवरून फार बोलता येणार नाही हे मान्य, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

२१ जून

जमिनीवर उजेड आला तसा झाडोरा आला. वेली खोडावर चढायला लागल्या, त्या तोडल्या. जाळरेषा साफ. पसरलेल्या फांद्या चुरा होत चालल्या आहेत.

१८ डिसेंबर २०२३

दुसऱ्या हंगामाची मोजणी. खत दिलेल्या प्लॉटमध्ये या वर्षीची वाढ १.३ सेंमी., सरासरी १९.७ वर. प्लॉट ३ मध्ये १.०. दहा प्लॉटमधल्या २८० झाडांपैकी तीन गेली. बेसल एरिया २१.१.

छत्र: उंची १५.६ मी. झाली, हिरव्याची खालची कड ९.६ वरच थांबली. म्हणजे ३८ टक्के. या मोजणीतला मला सर्वांत आवडलेला आकडा हाच. प्लॉट ७ मध्ये उंची १५.५, जवळपास तेवढीच, पण छत्राची कड ११.१ वर सरकली. २८ टक्के.

१९ डिसेंबर

प्लॉट ७ वेगळा लिहितो. २०२१ मध्ये ६० झाडं, सरासरी १६.३. आज जिवंत ५३, सरासरी १७.८. तक्त्यात दीड सेंमी. वाढ दिसते आणि कोणीतरी म्हणणार की विरळणी न करताही वाढलं की. पण मेलेली सात झाडं सगळी बारीक होती, आठ ते बारा सेंमी.ची. जी ५३ उरली त्यांचीच जुनी सरासरी काढली तर ती १६.९ येते. खरी वाढ ०.९. बाकीचं मृत्यूने वाढवलं.

आणि दुसऱ्या बाजूने, आपल्या बाजूने बोलताना लपवू नये असं: प्लॉट ७ मध्ये आजही हेक्टरी ३३ चौ.मी. उभं आहे, आमच्याकडे २१. दोन वर्षांत त्या ५३ झाडांनी हेक्टरी ३.२ चौ.मी. भर घातली, आमच्या विरळ केलेल्या प्लॉटांनी ३.७, तेही बहुतेक ठिकाणी खत घालून. विरळणीने लाकूड जास्त पिकतं असं मी कुठे म्हटलेलं नाही, अहवालातही म्हणू नये. जमीन जेवढं द्यायची तेवढंच देते. तिथे ते ५३ जणांत वाटलं गेलं, इथे २८ जणांत, आणि ते २८ आपण निवडलेले. प्लॉट ७ मधली सर्वांत जाड २८ झाडं दोन वर्षांत १.१ सेंमी. वाढली, आमची १.९.

९ जानेवारी २०२४

प्लॉट ५ मधल्या त्याच झाडाचा दुसऱ्या बाजूने गाभा काढला. शेवटची तीन वलयं: २.५, ३.५, ७. काकांना दाखवला. त्यांनी काडी डोळ्यांजवळ धरली, नखाने शेवटचं वलय चाचपलं आणि विचारलं, "हे ते काटकुळं?" नाही, ते प्लॉट ८ जवळचं. मग तिकडे चालत गेलो. बिल्ला नव्हता, पण दुभंग्याचा खुंट शेजारी होता. टेप लावली, २०.८.

निळ्या खुणेचे ४० खुंट तपासले. शेजारच्या दोन झाडांचं छत्र विरळ वाटतंय. मुळाशी खणून पाहायचं आहे.

बेसल एरिया वर्षाला दोनच्या आसपास वाढतोय, म्हणजे २७ वर पोचायला तीन वर्षं. दुसरी विरळणी २०२६ च्या थंडीत. तेव्हा ओळीची तोड नाही, वाटा आहेतच. प्लॉट ७ मधल्या मेलेल्या झाडांचे बिल्ले काढू नयेत, पुढच्या मोजणीला लागतील.